देवी निजली होती तेव्हा

व्रणाच्या कडेला हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली तेव्हा मी न्हाणीत होते. खरं सांगायचं तर आधी भीती वाटली नाही, राग आला. अंगण झाडून सडा टाकून मागं वळावं तर शेजारणीच्या कोंबड्या तिथंच उकरत बसलेल्या दिसाव्यात, तसला राग. तीन वर्षांपूर्वी सोलापूरला जाऊन मी डावा स्तन काढून आले होते, पार काखेपर्यंत. त्या दुखण्यानं जे मागितलं ते मी देऊन टाकलं होतं. आता पुन्हा माझ्या दाराशी यायचं त्याला काही कारण नव्हतं.

अंगावर पाणी घेतलं, लुगडं नेसले, तव्यावरची भाकरी उलटली. मग पदराआडून पुन्हा चाचपलं. गाठ होती.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा वर्षभर झालं असेल. आम्ही तुळजापुरात राहायचो. आमचं घर देवीच्या पुजाऱ्यांपैकी. वर्षातल्या ठरल्या दिवशी मंदिरातली पूजा आमच्या भावकीकडे येते, त्याला पाळी म्हणतात. पाळी दीर बघायचे; माझा नवरा शाळेत मास्तर होता. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेला, विलीनीकरणानंतर मराठीत शिकवायला लागलेला. वर्गात त्यांच्या आवाजानं कौलं हलायची आणि घरी आईसमोर तोंडातून एकच शब्द निघायचा, ‘खैर’, म्हणजे असू दे. घरात ते, मी, दहा वर्षांची आमची लेक आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. उंच, सडसडीत, मिश्रीनं दात काळे झालेली बाई. निजामाचे अंमलदार गावात फिरत असतानाही त्या उस्मानाबादला धाराशिवच म्हणायच्या, आणि कुणी सुधारायला गेलं तर आणखी मोठ्यानं म्हणायच्या. मला त्या बाईचा धाक वाटायचा आणि आवडायचीही ती मला. दोन्ही एकदमच.

पहिल्या वेळी गावानं मला जिवंतपणीच निम्मी करून टाकलं होतं. भेटायला येणाऱ्या बायका आधी माझ्या तोंडाकडे बघायच्या, मग पदराकडे, मग भिंतीकडे. एकीनं माझ्यासमोरच आत्याबाईंना विचारलं, “आता हिला सवाष्ण म्हणून जेवायला सांगावं का न्हाय वो?” आत्याबाई काही बोलायच्या आत मीच म्हटलं, “नवरा धडधाकट हाय की माझा. त्येंचं काय काढलं न्हाय डॉक्टरनं.” ती बाई वर्षभर आमच्याकडे फिरकली नाही, आणि फार बरं झालं. दुसऱ्या एकीनं चोळीच्या रिकाम्या बाजूला कापूस भरायला शिकवलं. भरला. वैशाखात घामोळं उठलं तेव्हा काढला आणि लेकीच्या उशीत घातला. ज्याला बघायचं त्यानं बघावं, असं ठरवून मोकळी झाले.

तेव्हा मी नवस बोलले होते, तो फेडलाही होता. म्हणजे देवीकडेही माझी काही बाकी नव्हती. मग हे परत का आलं? त्या आठवड्यात हा प्रश्न मी तिला देवघरातल्या टाकासमोर बसून सरळ विचारला. आवाज जरा चढाच होता. घरच्या पुजाऱ्यांची सून आहे मी, देवीशी आम्हाला फार वाकून बोलायची सवय नाही.

नवऱ्याला सांगितलं. आम्ही गुपचूप एसटीनं सोलापूरला जाऊन आलो. डॉक्टर तेच, मागचे. त्यांनी बोटांनी व्रणावर, काखेत, गळ्याशी दाबून बघितलं आणि हात धुता धुता म्हणाले, “परत आलंय. पण जागच्या जागी आहे. काढू, आणि मग मुंबईला किरणांचा शेक घ्यायला जा. आठ दिवसांच्या आत या. उशीर करू नका.”

मी विचारलं, “तिसऱ्यांदा येईल का?”

“येऊ शकतं.”

“मग तिसऱ्यांदाही येईन मी,” म्हटलं. डॉक्टर पहिल्यांदाच हसले. आमचे मास्तर हसले नाहीत. परतीच्या वाटेवर गाडी घाट चढायला लागली तेव्हा म्हणाले, “आईला कसं सांगावं?”

सांगितलं मीच, स्वयंपाकघरात, ज्वारी निवडताना. आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “आता न्हाय जायचं. अष्टमीला देवी निजंल.”

तुळजापूरच्या माणसाला हे उलगडून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमची देवी बसल्या जागी बसून राहणारी नाही. नवरात्राच्या आधी, भाद्रपदातल्या वद्य अष्टमीला पुजारी मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. पुढं नऊ दिवस राक्षसाशी लढायचं, त्यासाठी अंगात बळ यावं म्हणून ही झोप. ती उठते घटस्थापनेच्या पहाटे. दसरा झाला की लढून दमली म्हणून पुन्हा निजते आणि पौर्णिमेला उठते. पौषातही निजते, पण त्याचं इथं काही नाही.

तर आत्याबाईंचं म्हणणं सरळ होतं. आता निद्रा, त्यात पितरांचा पंधरवडा. मग नवरात्र, घट बसले की घरच्या सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही, दिवा सांभाळायचा. मग पुन्हा निद्रा. म्हणजे जायचं ते कोजागरी झाल्यावर. डॉक्टर म्हणत होते आठ दिवस, आत्याबाई म्हणत होत्या महिना.

“मागच्या बारीला तू चैतात गेलतीस,” त्या म्हणाल्या. “ती जागी व्हती. तिनं बगितलं, म्हणून तू माघारी आलीस. आता गेलीस तर तुला बगायला कोण हाय तिथं?”

“मग अष्टमीच्या आधीच निघावं,” मास्तर दारातून हळूच म्हणाले.

“आधी निघून काय? चाकू तर निद्रंतच चालणार न्हवं?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, किंवा मला तसं वाटलं. मी म्हटलं, “आत्याबाई, निजल्या आईचं लेकरू रडलं तर आई उठत न्हाय व्हय?”

“उठंल की. तिचा जीव तसलाच हाय. म्हणून तर उठवायची न्हाय.” त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. “समद्या जगाच्या राक्षसाला मारायचं हाय तिला. तुझ्या एकटीपायी झोपमोड करू व्हय तिची?”

पढवलेलं नव्हतं ते. त्या बाईच्या पोटातून आलं होतं. तिला माझी काळजी होती आणि देवीचीही होती, आणि दोघींत कुणाला सोडावं हे तिला समजत नव्हतं. पण माझंही डोकं फिरलेलं होतं. “राक्षस माझ्या छातीत बसलाय,” मी म्हटलं, “आन् त्यो काय निजायला तयार न्हाय.” सूप उचललं आणि ज्वारी न निवडताच डब्यात ओतली. दोन दिवस आमच्या भाकरीत खडे लागत होते. कुणी तक्रार केली नाही.

मास्तरांचं धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय असं झालं होतं. आईला नाही म्हणवेना, मला थांब म्हणवेना. ते मला समजवायला आले, “पोरीसाठी तरी तुला बरं व्हायचंय, जरा सबुरीनं घे.” हे ‘पोरीसाठी’ मी तेव्हा सगळ्यांच्या तोंडून ऐकत होते. पोरीसाठी जग, नवऱ्यासाठी जग, घरासाठी जग. लेकीवर माझा जीव होताच, तो काय कुणी सांगायला हवा? पण मला माझ्यासाठी जगायचं होतं. मी पस्तिशीचीही नव्हते. मला सकाळचा गरम चहा आवडायचा, मोठ्यानं भांडायला आवडायचं, पावसाळ्यात रामवरदायिनीच्या देवळाच्या बाजूनं बालाघाटाची हिरवी झालेली धार बघायला आवडायची. एवढ्यासाठी जगू नये असं कुठल्या पोथीत लिहिलंय? त्या दिवशी देवघरात मी नवस बोलले नाही. एवढंच म्हटलं, “मला जगायचंय. तू नीज. मी माझं बघते. पण माझ्यावर रुसू नकोस.”

अष्टमीच्या आदल्या दिवशी देवीच्या गादीचं काम असतं. पलंगावरच्या गाद्यांसाठी दरवर्षी नवा कापूस लागतो. तो हातानं पिंजतात, आणि त्याआधी गावातल्या बायका मंदिराच्या आवारात बसून त्यातली सरकी न् कचरा वेचून काढतात. ओव्या म्हणत म्हणत, दुपारभर काम चालतं. आत्याबाई त्यात सगळ्यांत मोठ्या, त्यांचा मान आधी. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या शेजारी बसत आले होते. त्या दिवशीही जाऊन बसले. घरात आमचा अबोला होता, पण जागा ती जागा.

आतापर्यंत गाठीची गोष्ट घरातच होती. त्या काळात दुखण्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. ‘तसलं काहीतरी’ म्हणायचे, जणू नाव घेतलं की ते ऐकून धावत येईल. माझ्याकडे तर न बोलावता आलंच होतं. भावकीतल्या एका चुलत सासूनं विचारलं, “तोंड का गं उतरलंय?” आणि मी सरळ सांगून टाकलं, “कॅन्सर परत आलाय मला. परवा सोलापूरला चाललेय कापून घ्यायला.”

ओवी मध्येच तुटली. कापूस पांढराशुभ्र पसरलेला, त्यात बायकांचे हात जिथल्या तिथं थांबलेले. मग त्या चुलत सासूनं माझ्या पुढ्यातला कापूस हळूच, पण सगळ्यांना दिसेल असा, आपल्याकडे ओढून घेतला. “वाईट वाटून घेऊ नकू,” ती म्हणाली, “देवीच्या अंगाखाली जायचा कापूस हाय ह्यो. दुखणेकऱ्याचा हात नगं.”

मी म्हटलं, “माझं दुखणं कापसातून देवीला लागतं म्हणता? लागलं तर मग ती कसली देवी, आणि न्हाय लागत तर मग तुमी कापूस का वढायलाव?”

“तोंड बघा हिचं. म्हणूनच परत आलंय.”

मी उठणार नव्हते. मला ओढून बाहेर काढलं असतं तरी चाललं असतं, पण मी आपणहून उठणार नव्हते. डोळ्यांत मात्र पाणी यायला लागलं होतं आणि त्याचाच मला जास्त संताप येत होता. तेवढ्यात आत्याबाईंनी त्यांच्या पुढ्यातला कापूस, दोन्ही हातांनी कवळा भरून, माझ्या मांडीवर टाकला. माझ्याकडे बघितलंही नाही. “हात चालव,” म्हणाल्या. “सरकी ऱ्हायली तर टोचंल तिला.” आणि तुटलेली ओवी त्यांनीच पुढं उचलली. आवाज त्यांचा मुळीच चांगला नव्हता. बाकीच्या बायका हळूहळू मागून म्हणू लागल्या.

मला वाटलं, सुटलं, आता परवानगी मिळाली. तसं काही नव्हतं. घरी येताना मी विचारलं, “मग जाऊ न्हवं?” तर म्हणाल्या, “कापसाचं येगळं. जायचं येगळं. तू निद्रंत जाऊ नको.”

तेव्हा मी विचारणंच सोडलं. मास्तरांना सांगितलं, “परवा पहिल्या गाडीनं मी जाणार. तुमी येताव का मी एकटी जाऊ?” त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “येतो की,” म्हणाले. खैर म्हणाले नाहीत, हे मी लक्षात ठेवलं आहे.

अष्टमीच्या संध्याकाळी देवी निजली. दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी. सवाष्णपणी मेलेल्या बायकांचं श्राद्ध त्या दिवशी घालतात. निघायला याहून वाईट दिवस पंचांगात शोधून सापडला नसता. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, “आजच्या दिवशी गं?” मी म्हटलं, “माझ्या नावचं पान मांडायला अजून येळ हाय. तवर तुमी जेवून घ्या.”

एवढं बोलून मी ट्रंक उचलली. लेक उंबऱ्यात बसून माझ्या चपलांचे पट्टे उगाच काढत-घालत होती. आत्याबाई ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. हातावर दही घालायला त्या उठल्या नाहीत. मी पाया पडले, “येते आत्याबाई” म्हटलं. जाणाऱ्याला उलट ‘ये’ म्हणायचं असतं. त्या म्हणाल्या नाहीत.

मी पायरी उतरले तेव्हा मागून आवाज आला, “कवा कापणार?”

“परवा-तेरवा.”

“ती निजलेलीच असंल.”

“असंल,” मी म्हटलं. आता पुन्हा भांडायची माझ्यात ताकद नव्हती. “तिला उठवत न्हाय मी.”

“उठवायची न्हायच.” त्यांनी पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला. “मग ती उठंस्तवर मी जागते. तू जा. ये.”

मला ते बोलण्यातलं बोलणं वाटलं. आपण नाही का म्हणत, तुझ्या काळजीनं डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून. त्यातलंच. निदान ‘ये’ म्हणाल्या, एवढ्यावरच मी खूश झाले आणि स्टँडवर मास्तरांच्या पुढं चालत गेले.

सोलापूरच्या त्या वॉर्डाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. भुलीचा वास डोक्यातून किती तरी दिवस जात नव्हता. डॉक्टरांनी गाठ काढली, भोवतालचं बरंच मांसही काढलं. कातडी ओढून शिवली होती, त्यामुळं श्वास घेतला की कुणीतरी दोन्ही बाजूंनी दोरी आवळतंय असं वाटायचं. ऑपरेशनच्या मेजावर निजवायला दोघांनी मला उचललं तेव्हा मनात आलं, देवीलाही चार माणसं अशीच उचलून निजवतात. मग मला कसली लाज? मी डोळे मिटले. मला देव दिसला, उजेड दिसला, असलं काही झालं नाही. भीती वाटली, भरपूर वाटली. पण विश्वास म्हणजे भीती नसणं, असं मला कधी वाटलंच नाही. भीती बरोबर घेऊनही माणूस एसटीत चढतो, हाच माझा विश्वास. पुढं मुंबईचा शेक व्हायचा होता, तिथं कातडी भाजून काळी होणार होती, ते डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हटलं, होऊ दे काळी.

ऑपरेशन झाल्यावर मास्तर घरी गेले होते, शाळा होती. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी ते परत आले. दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि तोंडावर असलं काही तरी, की मला हसताहेत की रडताहेत ते कळेना. पहिलं काय विचारावं ते सुचेना, म्हणून विचारलं, “घट बसले ना वेळेवर?”

“न्हाय,” ते म्हणाले.

आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. घटाचा मुहूर्त म्हणजे आत्याबाईंचा जीव. सासरे वारले त्या वर्षीसुद्धा त्यांनी भावकीतल्या माणसाला बोलावून वेळेवर घट बसवून घेतले होते. मी उठायला गेले तशी छातीतून कळ आली. “काय झालं आत्याबाईंना?”

“काय न्हाय. निजलीय.”

मग त्यांनी सांगितलं. आम्ही निघालो त्या दिवशी आत्याबाईंनी आपलं अंथरूण गुंडाळून माळ्यावर टाकलं. ओसरीवरच्या खांबाला पाठ लावून, मंदिराच्या शिखराकडे तोंड करून बसल्या. दिवसाही आडव्या झाल्या नाहीत. डोळा मिटायला लागला की थंड पाण्याचा हबका मारायच्या, मिश्री लावायच्या, उठून अंगणात चालायच्या. लेकीनं पाय दाबून दिले तर ओरडल्या, म्हणे झोप येती. मास्तर हातापाया पडले. त्यांना म्हणाल्या, “तिकडं पोरगी एकटी पडलीय आन् देवी बी निजलीय. तिच्या-माझ्यातलं कुणी तरी जागं नगं का?” घटस्थापनेच्या पहाटे मंदिरात चौघडा झाला, देवी सिंहासनावर बसली. तेव्हा त्या खांबाला धरून उठल्या, अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि शिखराकडे बघून म्हणाल्या, “उठलीस का? मग धर आता तुझी पाळी. सून सोलापूरला हाय माझी.” आणि तिथंच ओसरीवर, उघड्या फरशीवर, अंगाची मुटकुळी करून आडव्या झाल्या.

मुहूर्त आला. भावकीतल्या बायका परडीत माती न् धान्य घेऊन दारात आल्या. कापूस ओढून घेणारी चुलत सासू त्यांच्यात पुढं. माझी लेक उंबऱ्यावर दोन्ही हात पसरून उभी राहिली. कुणाला आत येऊ देईना. म्हणाली, “आजी आत्ताच निजलीय.” मुहूर्त टळला. आमच्या घरचे घट त्या वर्षी उन्हं कलल्यावर बसले.

मला हसू आलं, आणि हसता हसता मी अशी रडायला लागले की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. टाके ताणले जात होते, दुखत होतं, पण थांबता येईना. नर्स धावत आली, नवऱ्यावर ओरडली, मग माझ्यावर. “अहो बाई, रडू नका असं. टाके सुटतील.”

“सुटू देत,” मी म्हटलं. “परत घाला.”